घाट उतरायच्या आधी पिकअपचा ब्रेक आणि स्टेअरिंग असं बघा

मार्केट यार्डात माल भरून कोकणात निघालेले ड्रायव्हर गाडी गॅरेजसमोर उभी करून एकच विचारतात, "मिस्त्री, ब्रेक लागतोय, पण जरा खाली जातोय. चालंल न्हवं?" नाही चालणार. सपाटीला, उचगावच्या रस्त्याला कदाचित चालेल. करूळला किंवा आंबा घाटात माल भरलेल्या गाडीला तोच ब्रेक दगा देतो. ब्रेक अचानक गेला असं सगळे म्हणतात, पण माझ्याकडं आलेल्या बहुतेक गाड्यांनी आधी सांगितलेलं असतं. ऐकायचं पायानं.

इंजिन चालू ठेवून पेडल दाबा. मऊ लागलं आणि दोन-तीनदा मारल्यावर वर आलं, तर ब्रेक ऑइलच्या लाइनीत हवा आहे किंवा मागचे लायनर (ब्रेकच्या आतल्या घासणाऱ्या पट्ट्या) सैल पडलेत. दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत गेलं, तर मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडलनं ऑइल ढकलणाऱ्या मुख्य पंपाचं, आतलं रबर गेलंय, नाहीतर कुठंतरी गळती आहे. पेडल घट्ट, जोर लावला तरी गाडी थांबायला उशीर, तर बूस्टर, म्हणजे व्हॅक्यूमनं पायाचा जोर वाढवणारा डबा, बघा. इंजिन बंद करून चार-पाच वेळा पेडल मारा, पाय दाबूनच ठेवा आणि स्टार्टर मारा. इंजिन लागल्याबरोबर पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर ठीक. नाही गेलं तर व्हॅक्यूमचा पाइप, पंप आणि बूस्टर, या क्रमानं तपासा. पाइप स्वस्त असतो, म्हणून तो आधी.

मग गाडीखाली वाका. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर बोट लावून वास घ्या. पातळ असेल तर ब्रेक ऑइल, म्हणजे व्हील सिलिंडर (चाकातला, लायनर ढकलणारा छोटा सिलिंडर) गळतोय. दाट आणि कुजका वास येणारं असेल तर हाउसिंगचं (मागच्या ॲक्सलच्या पेटीतलं) गिअर ऑइल, म्हणजे ॲक्सलचं सील गेलंय. दोन्हीत लायनर भिजतात. भिजलेला लायनर पेट्रोलनं धुऊन परत बसवणारे आहेत, त्यांच्याकडं जाऊ नका. लायनर बदला, आणि दोन्ही चाकांचे बदला, नाहीतर ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ (ऑइलचा दर्जा, डब्यावर लिहिलेला असतो) ताजं असताना २०५ अंशांच्या खाली उकळत नाही. ओल धरली की १४० लाच उकळू शकतं. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. घाटात ब्रेक तापले की या जुन्या ऑइलची वाफ होते, वाफ दबते आणि पेडल रिकामं खाली जातं. गाडी गार झाली की पेडल परत येतं, आणि ड्रायव्हर म्हणतो, "आता बरा झाला." बरा झालेला नसतो. ऑइल दोन वर्षांनी पूर्ण बदला. पातळी सारखी कमी होत असेल तर नुसतं वरनं ओतत बसू नका, गळती शोधा.

आता एक गोष्ट, जी फार कमी लोक बघतात. बऱ्याच पिकअपच्या मागच्या ॲक्सलजवळ लोडप्रमाणं ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. बॉडी आणि ॲक्सल यांच्यातलं अंतर कमी झालं की त्याला कळतं की माल भरलाय, आणि तो मागच्या चाकांना जास्त दाब सोडतो. आपण जास्त माल घालायला जादा पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) टाकतो. गाडी वर उचलली जाते, व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि भर लोडमध्ये मागचा ब्रेक कमी मिळतो. सगळा भार पुढच्या डिस्कवर. पाटे टाकले असतील तर या व्हॉल्व्हची दांडी सेट करून घ्या. दांडी तारेनं बांधून टाकलेल्याही गाड्या मी बघितल्यात. आरसी बुकात लिहिलेल्या वजनाच्या आत राहिलात तर हा उद्योगच करावा लागत नाही, पण ते सांगून कोण ऐकतंय.

उतरताना ज्या गिअरवर घाट चढला असता, त्याच गिअरवर उतरा. ब्रेक सतत घासत धरू नका. मारा, वेग पाडा, सोडा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून इंजिन बंद करणारे अजून भेटतात. इंजिन बंद झालं की बूस्टरचा व्हॅक्यूम दोन-तीन पेडलांत संपतो, पॉवर स्टेअरिंग जड होतं, आणि किल्ली काढली तर स्टेअरिंग लॉक होतं. तापलेल्या ड्रमवर पाणीही ओतू नका, तडा जातो.

तरी ब्रेक गेलाच तर पेडल भराभर मारत राहा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढा. एकदम ओढला तर मागची चाकं घसरतात. हॉर्न आणि लाइट चालू. गाडी डोंगराच्या बाजूला घ्या, दरीच्या बाजूला नको.

स्टेअरिंगचं सोपं आहे. एकानं चालू इंजिनवर ते थोडं डावी-उजवीकडं हलवायचं, दुसऱ्यानं खाली बघायचं. स्टेअरिंग हललं पण चाक हललं नाही, तर तेवढा प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे, आणि टाय रॉडच्या (चाक वळवणाऱ्या दांडीच्या) टोकाला कुठं खडखडतंय ते तिथंच दिसतं. मग मागच्या चाकांना दगड लावून पुढचं चाक जॅकवर घ्या. बाजूंनी धरून हललं तर टाय रॉड एंड. वर-खाली धरून हललं तर एकाला ब्रेक दाबायला सांगा: हलणं थांबलं तर बेअरिंग, नाही थांबलं तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन (चाक ज्यावर वळतं तो सांधा). या सांध्यांवरचा रबरी बूट फाटलेला दिसला तर आत पाणी-माती गेली असं धरा. पावसाळ्यात गगनबावड्याच्या रस्त्याला पाण्यातनं गाडी काढणाऱ्यांनी हा बूट दर वेळी बघावा, आणि पाण्यातनं बाहेर आल्यावर हळू चालवत ब्रेक दोन-चारदा मारून लायनर सुकवावेत.

टाय रॉड एंड बदलला की अलाइनमेंट करूनच गाडी लोडला लावा, नाहीतर पुढचे टायर एका बाजूनं खाऊन जातात आणि शिव्या मिस्त्रीला.