चौथीच्या प्रकल्पासाठी काब्रियोची नोंदवही कशी वाचावी

कॅलिफोर्नियात चौथीला राज्याचा इतिहास असतो, त्यामुळे स्पॅनिश दर्यावर्द्यांवरचा प्रकल्प मराठी घरांतही येतोच. आमच्याकडे नातीचा आला. पुठ्ठ्याचं जहाज करायचं, त्याला शिडं चिकटवायची आणि खाली 'सॅन डिएगोचा शोध' असं लिहायचं, एवढ्यावर बहुतेक पालक थांबतात. मी रत्नागिरीत जन्मभर भूगोल शिकवला, म्हणून हट्टाने सांगते, जहाज जरूर करा, पण आधी ते बंदर गाठणाऱ्या दर्यावर्द्याच्या, काब्रियोच्या, सफरीची नोंदवही मुलाबरोबर वाचा. इंग्रजी भाषांतर वाचनालयात मिळतं आणि ते मोठंही नाही. फक्त ते वाचायचं कसं, हे आधी ठरवून घ्या.

पहिल्यांदा मुलाला सांगा की हे मूळ बाड नव्हे. हुआन रोद्रिगेझ काब्रियो २७ जून १५४२ रोजी मेक्सिकोतल्या नाविदाद बंदरातून निघाला. उत्तरेचा किनारा बघायचा होता आणि आशियाकडे जायचा मार्गही हवा होता, कारण आफ्रिकेला वळसा घालून येणारी वाट पोर्तुगीजांच्या हातात होती आणि गोवा त्यांनी १५१० मध्येच घेतलं होतं. सफरीची मूळ कागदपत्रं हरवली. आज आपण वाचतो तो नंतर दुसऱ्याने काढलेला गोषवारा आहे. म्हणजे काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे कुणीतरी ठरवलं आहे, एवढं मुलाच्या मनात पक्कं बसू द्या.

मग नकाशा घ्या. इथे नेमकी गफलत होते, ती म्हणजे नोंदवहीतले अक्षांश जसेच्या तसे नकाशावर मांडण्याची. सॅन डिएगोच्या बंदराला तिच्यात ३४ अंश आणि वर एक तृतीयांश दिलंय. खरं बंदर ३२ अंश ४० मिनिटांच्या आसपास आहे. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, तेव्हा फरक दीडशेहून अधिक किलोमीटरचा झाला. आकडे सगळीकडेच असे वर सरकलेले आहेत, म्हणून किनाऱ्याचा आकार आणि ठिकाणांचा क्रम धरून चला. आधी ठाम खुणा लावा: सगळीकडून बंद असलेलं चांगलं बंदर म्हणजे सॅन डिएगो, त्यानंतरची दोन बेटं म्हणजे सांता कॅटालिना आणि सॅन क्लेमेंटे. मधल्या जागा मग भरत जातात. नावं मात्र आजची शोधू नका. काब्रियोने बंदराला सॅन मिगेल म्हटलं होतं, सॅन डिएगो हे नाव विस्काइनो या नंतरच्या स्पॅनिश दर्यावर्द्याने १६०२ मध्ये दिलं. तारखाही जुन्या पंचांगाच्या आहेत. आजच्या हिशेबाला १० दिवस मिळवा.

आता खरं काम. तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. खलाशांनी डोळ्यांनी पाहिलं ते निळ्याने, हातवाऱ्यांवरून समजलं ते हिरव्याने आणि लिहिणाऱ्याचा स्वतःचा अंदाज लाल रंगाने अधोरेखित करा. २८ सप्टेंबरपासूनचा सॅन डिएगोचा मजकूर यासाठी उत्तम आहे. गलबतं बंदरात शिरली तेव्हा किनाऱ्यावरचे बहुतेक लोक पळाले, तिघं थांबले. हे कुमेयाय लोक, इथले मूळ रहिवासी. रात्री खलाशी जाळं घेऊन मासे धरायला उतरले, तेव्हा त्यांच्यावर बाण आले आणि तिघे जखमी झाले. दुसऱ्या दिवशी खलाशांनी बंदराच्या आतल्या भागातून दोन मुलांना गलबतावर आणलं. मुलांना खुणा काहीच कळेनात, म्हणून सदरे देऊन त्यांना परत पाठवलं. त्याच्या पुढच्या दिवशी तीन मोठी माणसं स्वतःहून आली आणि त्यांनी हातवारे करून सांगितलं की आत दूर तुमच्यासारखी दाढीवाली, कपडे घातलेली माणसं फिरताहेत. उजवा हात भाला फेकल्यासारखा झटकला, घोड्यावर बसल्यासारखं धावून दाखवलं, ती माणसं आमच्या लोकांना मारताहेत म्हणून आम्हाला भीती वाटते, असंही सांगितलं.

या परिच्छेदावर घाई करू नका. हिरव्या पेन्सिलीने खूण केलेला हा भाग पूर्ण नोंदवहीत मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. कोरोनादो या स्पॅनिश सरदाराची मोहीम १५४० पासून आतल्या मुलुखात होती, आणि त्याच वर्षी तिच्यातलेच आलार्कोन आणि दियास हे कोलोरॅडो नदीपर्यंत पोचले होते. ती खबर वाळवंट ओलांडून या किनाऱ्याला आधीच आलेली होती. मुलाला विचारा, रात्री बाण का आले असतील? उत्तर याच पानावर आहे. मग हाच प्रसंग किनाऱ्यावरून लिहायला सांगा, पण कुमेयाय माणसांच्या तोंडी मनची वाक्यं घालू देऊ नका. फक्त त्यांनी जे केलं तेच लिहायचं, तेवढं पुरतं.

कॅटालिनावर हीच खूण पुन्हा सापडेल, तिथेही एका म्हाताऱ्याने दाढीवाल्यांची खबर दिली. पुढे चुमाश या दुसऱ्या मूळ रहिवासी लोकांचा किनारा लागतो. त्यांची 'तोमोल' ही होडी फळ्यांना भोकं पाडून, दोरीने शिवून, डांबर आणि चिडाचा राळ भरून बनायची. आपल्याकडच्या काथ्याने शिवलेल्या जुन्या होड्या पाहिल्या असतील तर ती पटकन डोळ्यांसमोर येईल. अशा एकेका होडीत बारा-तेरा जण बसून आले. इथेच नोंद आहे की गावांची प्रमुख एक वृद्ध स्त्री होती आणि ती गलबतावर दोन रात्री राहिली. प्रकल्पात ती दिसायलाच हवी.

काब्रियोच्या मृत्यूसाठी अर्धं पान पुरे. ३ जानेवारी १५४३. गोषवारा म्हणतो, बेटावर पडून हात मोडला होता. १५६० च्या चौकशीत एका साक्षीदाराने सांगितलं की बेटावरचे लोक सतत लढत होते आणि आपल्या माणसांच्या मदतीला उडी मारताना काब्रियोची नडगी फुटली. दोन्ही शेजारीशेजारी लिहा आणि गोषवाऱ्यात लढाई का नाही, हे मुलालाच विचारा.

शेवटची पानं गाळू नका, कारण परतीच्या वाटेवर, मार्च १५४३ मध्ये, एक गलबत पुन्हा सॅन डिएगोला थांबलं आणि दुभाषे करण्यासाठी दोन मुलांना तिथून सोबत नेलं गेलं. नऊ वर्षांच्या मुलाला हे सांगावं का, असं मला एका आईने विचारलं. सांगावं. नेलेली मुलं मुलंच होती.

जमलं तर सॅन डिएगोतलं पॉइंट लोमाचं काब्रियो स्मारक बघा, पण त्याबरोबर बरोना इथलं कुमेयायांचं संग्रहालयही बघा. चुमाश मंडळी २००१ पासून तोमोल वल्हवत सांता क्रूझ बेटावर जातात, त्यांची छायाचित्रं प्रकल्पात लावा आणि खाली वर्तमानकाळात लिहा.