युद्धात अडकलेल्या मुलाची कादंबरी लिहिताना या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांचा कॅम्प होता आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. सोव्हिएत हद्दपारीतून वाचून इराण व कराचीमार्गे पंचगंगेकाठी पोचलेल्या एखाद्या मुलीवर कादंबरी लिहावी, असे अनेक मराठी लेखकांना वाटते आणि ती लिहिली जायलाच हवी. मात्र या लेखनात काही चुका नेमाने होतात. त्यांतल्या बहुतेकींचे मूळ एकच असते: लेखकाला आज जे ठाऊक आहे आणि आज जे वाटते, ते तो त्या मुलीच्या डोक्यात भरतो.

सगळ्यांना सैबेरियात धाडणे

सोव्हिएत ताब्यातल्या पूर्व पोलंडमधून झालेली हद्दपारी एकसारखी नव्हती. १० फेब्रुवारी १९४० रोजी प्रामुख्याने माजी सैनिकांच्या वसाहतींतली आणि वनखात्यातली कुटुंबे गुरांच्या डब्यांत कोंबून अर्खांगेल्स्क आणि सैबेरियाच्या जंगलांत लाकूडतोडीसाठी नेली गेली. १३ एप्रिल १९४० च्या लाटेत अटकेत किंवा युद्धकैदेत असलेल्यांच्या बायकामुलांना मुख्यतः कझाकस्तानात पाठवण्यात आले. पहिल्या मुलीभोवती पाइन वृक्ष आणि करवती आहेत, तर दुसरीभोवती झाड नसलेला माळ आहे, जिथे जळणासाठी शेण आणि पेंढा तुडवून त्याच्या विटा वाळत घालाव्या लागत. अनेक हस्तलिखितांत कझाकस्तानातली आई लाकडे फोडताना दिसते. ही नुसती तपशिलाची चूक नाही, कारण तिच्यामुळे हाती आलेला एक उत्तम धागा निसटतो. जिने दोन हिवाळे शेणात हात घातले, ती मुलगी वळिवड्याच्या वाटेवर शेणी थापणाऱ्या बाईपाशी थांबेल. कोल्हापुरातली ही पहिली गोष्ट तिला कुणी समजावून सांगावी लागणार नाही.

याच्याच जोडीला वयाची गफलत होते. एप्रिल १९४० मध्ये सात वर्षांची असलेली मुलगी १९४२ मध्ये नऊ वर्षांची होते आणि १९४८ मध्ये कॅम्प बंद होताना पंधरा वर्षांची असते. कादंबरीत मात्र ती अखेरपर्यंत सातच वर्षांची राहते, बोबडे बोलते आणि बाहुली शोधत फिरते. प्रत्येक प्रकरणाच्या कच्च्या खर्ड्यावर तारीख, गाव आणि तिचे वय लिहून ठेवावे. एवढ्यानेही बरेच काही दुरुस्त होते.

मुलीला इतिहास आधीच ठाऊक असणे

माझ्या मते ही सर्वांत मोठी चूक आहे. समजा, नायिकेचे वडील अधिकारी होते आणि कोझेल्स्कच्या सोव्हिएत युद्धकैदी छावणीत होते. तिथून येणारी पत्रे १९४० च्या वसंतात थांबली, कारण त्याच सुमारास सोव्हिएत गुप्त पोलिसांनी सुमारे बावीस हजार पोलिश कैद्यांना गोळ्या घातल्या. जर्मनांनी कातिनच्या जंगलातल्या या कैद्यांच्या सामूहिक कबरींची बातमी जाहीर केली ती १३ एप्रिल १९४३ रोजी, म्हणजे त्या दुसऱ्या हद्दपारीनंतर बरोबर तीन वर्षांनी. मधली तीन वर्षे मुलीला केवळ एवढेच माहीत आहे, की बाबांचे पत्र येत नाही.

लेखक मात्र दुसऱ्याच प्रकरणात तिला वाईट स्वप्न पाडतो, किंवा ‘बाबा आता कधीच परत येणार नाहीत, हे तिला कुठेतरी उमगले होते’ असे वाक्य घालतो. असे वाक्य आले की वाचकाची तीन वर्षांची वाट पाहणे एका ओळीत संपते. त्याऐवजी आईने पत्त्याचे अक्षर अधिकाधिक ठळक काढणे, पोस्टातल्या माणसाने मुलीला ओळखू लागणे आणि पुढे मुलीने पोस्टात जायचे टाळणे, असे प्रसंग लिहावेत. बातमी येते तेव्हा ती बहुधा इराणातल्या एखाद्या निर्वासित वसाहतीत असते. तिथे तिने मजकूर ऐकण्यापेक्षा मोठी माणसे तिच्या येण्याने बोलायची थांबली, हे पाहणे अधिक खरे वाटते. यासाठी प्रत्येक प्रकरणाचे दोन रकाने करावेत: एकात प्रत्यक्षात काय घडले आणि दुसऱ्यात मुलीला काय सांगितले गेले. निवेदन दुसऱ्या रकान्यातूनच करावे.

भूक विशेषणांत लिहिणे

‘भुकेने तिचा जीव कासावीस झाला’ हे वाक्य कोणत्याही दुष्काळाला लागू पडते. त्याऐवजी असे लिहून पाहावे: ‘आई पावाचे तीन भाग करी. धाकट्याचा भाग मोठा असे आणि तो मोठा नाही, असे आई दर वेळी सांगे.’ उपासमारीचे शरीरावरचे परिणामही नेमके असतात. हद्दपारीतल्या अनेकांना जीवनसत्त्वांच्या अभावाने रातांधळेपणा आला होता. अशा मुलीच्या नजरेतून चांदण्या रात्रीचे सुरेख वर्णन आले, तर ते कोण पाहते आहे, हा प्रश्न पडतो.

सुटकेचा प्रसंगही इथेच बिघडतो. जुलै १९४१ च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर ही माणसे दक्षिणेकडे निघाली आणि १९४२ मध्ये मार्च-एप्रिल व ऑगस्टमध्ये जहाजांनी कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरावर उतरली. लेखक इथे मेजवानी मांडतो. प्रत्यक्षात खंगलेल्या पोटांना जड, चरबीयुक्त अन्न सोसले नाही, टायफस आणि हगवण सोबतच आली होती आणि बंदरावर पोचल्यानंतरही अनेक जण दगावले. उवांमुळे केस भादरले जात आणि जुने कपडे जाळले जात. तुमच्या नायिकेच्या कोटाच्या अस्तरात घरचा फोटो शिवलेला असेल, तर किनाऱ्यावर त्याचे काय होते, ते आधी ठरवावे. पाचव्या प्रकरणात जळलेल्या कोटातून विसाव्या प्रकरणात फोटो निघू नये.

यजमानांचे गौरवगीत गाणे

बालाचडी आणि वळिवडे या दोन वेगळ्या जागा आहेत. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी आसरा दिलेली मुले जामनगरजवळ बालाचडीला होती; वळिवड्याचा कॅम्प मोठा होता आणि तो कोल्हापूर संस्थानात होता. त्यामुळे जामसाहेबांना पंचगंगेकाठी आणू नये आणि कोल्हापुरात ब्रिटिश कलेक्टरही बसवू नये.

कॅम्पात पोलिश शाळा, चर्च, दवाखाना आणि स्काउट पथके होती. मुलांचे जग बरेचसे आतल्या आतच चालत असे. म्हणून मराठी मुलाशी पहिल्याच भेटीत जिवाभावाची मैत्री जुळली, तर ती लेखकाला हवी होती म्हणून जुळल्यासारखी वाटते. मैत्रीला खरी जमीन हवी असेल, तर ती इटलीत सापडते. जनरल अँडर्स यांच्या पोलिश सैन्याच्या कोअरने मे १९४४ मध्ये माँते कासिनो जिंकले आणि मराठा पलटणीही त्याच इटलीच्या आघाडीवर लढत होत्या. वळिवड्यातल्या मुलीचा भाऊ आणि शेजारच्या गावातल्या मुलाचा चुलता एकाच आघाडीवर असू शकतात, ते दोघे एकमेकांना कधीही न भेटता. दोन्ही घरे टपालाची वाट पाहतात. एवढे पुरे आहे. भाऊ आणि चुलता यांना एकाच खंदकात बसवण्याचा मोह आवरावा.

युद्ध संपले म्हणून कादंबरी संपवणे

मे १९४५ मध्ये या मुलांचे काहीच सुटले नाही. फेब्रुवारीत याल्टा येथे झालेल्या मित्रराष्ट्रांच्या वाटाघाटींनी त्यांची गावे सोव्हिएत संघाकडे गेली आणि जुलैमध्ये ब्रिटनने लंडनमधल्या त्यांच्या निर्वासित सरकारची मान्यता काढून घेतली. कॅम्प १९४८ पर्यंत चालला, तो यामुळेच. त्यानंतर काही जण पोलंडला परतले, अनेक जण ब्रिटनला गेले आणि रिकाम्या झालेल्या जागेत फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित राहू लागले. आजचे गांधीनगर ते हेच. म्हणून शेवट लिहिण्यापूर्वी दोन गोष्टींचा निर्णय करावा: वडिलांबद्दल कुटुंबाला तोवर नेमके काय कळले आहे, आणि परतण्याचा प्रश्न निघाल्यावर पंधरा वर्षांची मुलगी आईच्या बाजूने बोलते की विरुद्ध.