शेतकऱ्यांचा 'ऱ्या' कसा सापडला

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात कापूस वेचणीच्या सभेचा फलक मी मोबाइलवर टाइप केला. छापून आला तर त्यावर ठळक अक्षरांत 'शेतकर्यांसाठी'! पारावर बसलेल्या आबांनी विचारलं, "काहून बाप्पा, हे 'सूर्य'सारखं काहून लिवलं?" मला फार वाईट वाटलं. ज्यांच्यासाठी सभा, त्यांचंच नाव चुकलेलं.

आधी फॉन्टवर संशय घेतला, दोन-तीन बदलून पाहिले. फरक पडला नाही, कारण चूक माझ्या टायपिंगची होती. साधा र, हलंत (अक्षराचा पाय मोडणारी खूण) आणि य जोडले की रफारच येतो: सूर्य, आचार्य. आडव्या रेघेचा 'ऱ्य' हवा असेल तर खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, मग हलंत, मग य. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, त्या ऱ चा क्रमांक ०९३१ आहे. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कळफलकावर र चीच कळ शिफ्टसह दाबली की ऱ मिळतो.

'आचार्यांना' म्हणजे गुरूंना, 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना. 'दर्या' समुद्र, 'दऱ्या' डोंगरातल्या. मराठीला हा फरक लागतोच.

फलक दुसऱ्यांदा छापला. आता गावातली पोरं टाइप करून मला दाखवायला आणतात, मी पहिल्यांदा 'ऱ्या'च तपासतो.