जुन्या चिनी मातीच्या वस्तूंनी घर सजवताना

मराठी घरांत चिनी मातीच्या जुन्या वस्तू मुख्यतः दोन वाटांनी आल्या. लोणचे, मीठ आणि चिंच साठवण्याच्या तपकिरी गळ्याच्या पांढऱ्या बरण्या स्वयंपाकघरात आल्या, तर विलायतेतून आणि जपानमधून आलेल्या कपबश्या व निळ्या नक्षीच्या ताटल्या दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात विसावल्या. गोव्यात मकाव या चीनच्या किनाऱ्यावरील तेव्हाच्या पोर्तुगीज वसाहतीमार्गे आलेल्या चिनी पोर्सेलिनची आणखी एक परंपरा आहे. चांदोरच्या ब्रागांझा वाड्यात तिचा थाट आजही पाहायला मिळतो. सजावट करायची म्हटले की बहुतेकांची नजर नक्षीदार ताटल्यांकडे वळते, पण सुरुवात बरणीपासून करावी असे माझे मत आहे. तिचे दोनच रंग शिसवी कपाटाशेजारी शोभतात आणि प्लायवूडच्या फडताळावरही खटकत नाहीत. शिवाय ती पुष्कळदा घरच्याच माळ्यावर सापडते. अशी प्रत्येक बरणी विलायती असल्याचे विक्रेता सांगतो, त्यावर मात्र विश्वास ठेवू नये. गुजरातेत थानगढला परशुराम गणपुले या मराठी उद्योजकाने १९१३ च्या सुमारास चिनी मातीचा कारखाना उभारला आणि पुढे त्या परिसरात हा धंदा चांगलाच फोफावला. देशी बरणीला कमी लेखण्याचे काहीच कारण नाही.

विकत घ्यायचे असल्यास मुंबईच्या चोरबाजारातील मटन स्ट्रीट किंवा पुण्याचा जुना बाजार येथे सावकाश फिरावे. तेथे जवळजवळ प्रत्येक वस्तूला ‘अँटिक’ म्हटले जाते, परंतु शंभर वर्षे पूर्ण झालेल्या वस्तूलाच ते विशेषण लावण्याची रूढ पद्धत आहे. ताटलीच्या पाठीवरचा शिक्का येथे उपयोगी पडतो. अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे १८९१ पासून परदेशी मालावर देशाचे नाव छापणे आवश्यक झाले. सुरुवातीला बहुधा नुसते देशाचे नाव छापत, म्हणून ‘मेड इन इंग्लंड’ अशी पूर्ण अक्षरे असलेली बशी बहुधा विसाव्या शतकातील समजावी, आणि ‘ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का असल्यास ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, १९५२ पर्यंतच्या काळातील असते.

शिक्क्यापेक्षाही वस्तूची अवस्था महत्त्वाची आहे. ताटली तळहातावर पेलून काठावर नखाने हलकी टिचकी मारावी. खणखणीत नाद आला तर ती अखंड आहे असे मानायला हरकत नाही, आणि बद्द आवाज आला तर कोठेतरी तडा गेला असण्याची शक्यता असते. जाड बरणीला ही परीक्षा लागू पडत नाही. तिच्यात पाणी भरून ती रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवावी आणि सकाळी कागद ओला आहे का ते पाहावे. झिलईत, म्हणजे मातीवरच्या काचेसारख्या चकचकीत थरात, दिसणारे कोळिष्टकासारखे बारीक जाळे हा वयाचा परिणाम असतो व शोभेच्या वस्तूत तो चालतो. परंतु आतून बाहेरपर्यंत गेलेली तपकिरी रेघ दिसल्यास वस्तू घेऊ नये. फुटलेली ताटली धातूच्या बारीक टाचा मारून जोडल्याचे कधीकधी आढळते. ती दुरुस्ती मुद्दाम उकलू नये, कारण ते त्या वस्तूच्या इतिहासाचेच चिन्ह आहे.

आता बरणीच्या साफसफाईकडे वळू, कारण बहुतेकांची गफलत येथेच होते. लोणच्याच्या बरणीची झिलई तळाशी, गळ्याच्या आत, किंवा दादरा बांधण्यासाठी ठेवलेल्या खाचेपाशी विरळ असते, आणि तेथून वर्षानुवर्षे मीठ व तेल मातीत मुरलेले असते. वरून घासून चकचकीत केलेली बरणी पावसाळा संपून हवा कोरडी झाली की पुन्हा पांढुरकी दिसू लागते. आतले मीठ पृष्ठभागावर येऊन त्याचे स्फटिक बनतात आणि झिलईच्या बारीक कपच्या उडतात. त्यावर उपाय म्हणजे मीठच बाहेर काढणे. प्लास्टिकच्या टबात जुना टॉवेल अंथरून बरणी साध्या, शक्य तर शुद्ध केलेल्या पाण्यात बुडवून ठेवावी, रोज पाणी बदलावे, आणि काही दिवसांनी ती सावलीत पूर्ण वाळवून पांढरा थर येतो का ते पाहावे; येत असल्यास पुन्हा भिजवावी. तेलकट डागांसाठी धुण्याच्या सोड्याचे कोमट पाणी पुरेसे आहे. जाळे पडलेल्या झिलईवर ब्लीच कधीही वापरू नये, आणि सोनेरी काठाच्या कपबश्या डिशवॉशरमध्ये घालू नयेत, कारण तो मुलामा झिलईच्या वर असतो व लवकर निघून जातो.

बरणी ठेवताना तिच्या उंचीचा विचार करावा. मोठी बरणी जमिनीवर, कोपऱ्यात, भिंतीपासून थोडी सुटी ठेवावी व तळाशी दोन-तीन मूठ कोरडी वाळू घालावी, म्हणजे धक्का लागला तरी ती सहजी कलंडणार नाही. छत्र्या किंवा वाळलेल्या फांद्या ठेवण्यासाठी ती उत्तम. मधल्या आकाराच्या तीन बरण्या एकाच फडताळावर चढत्या उंचीने मांडण्याऐवजी दोन जवळ आणि एक दूर ठेवली, तर दुकानाची मांडणी वाटत नाही. रोपासाठी तळाला भोक पाडू नये. आत प्लास्टिकची कुंडी बसवली की काम होते. दिव्याच्या बैठकीसाठी भोक पाडून घेण्याची हौस तर मला अजिबात पटत नाही.

भिंतीवर ताटल्या लावताना आधी वर्तमानपत्राचे तेवढेच गोल कापून ते भिंतीवर चिकटवून पाहावेत व एक-दोन दिवस तसेच ठेवावेत. समूहाचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर असावा आणि दोन ताटल्यांमध्ये पाच-सात सेंटिमीटर जागा राहावी. स्प्रिंगच्या तारेचे आकडे प्लास्टिकच्या नळीने झाकलेले असावेत, नाहीतर काठाची नक्षी खरवडली जाते; गोंदाची चकती वापरायची असल्यास ताटलीची झिलई धड असली पाहिजे. जुन्या वाड्यातील मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्यात नुसता खिळा टिकत नाही, म्हणून तेथे लाकडी पट्टी ठोकून तिच्या खाचेत ताटल्या उभ्या कराव्यात. पावसाळ्यात ओल येणारी भिंत आणि आदळणाऱ्या दारालगतची भिंत टाळावी. एका भिंतीवर एकच रंगसंगती ठेवावी: विलो पॅटर्नच्या, म्हणजे झाड, पूल व पाखरे अशा चिनी धाटणीच्या नक्षीच्या, निळ्या ताटल्यांत एखादी गुलाबी घुसवली की सगळी मांडणी विस्कटते.

कप मात्र कानाला धरून हुकावर टांगू नयेत, कारण जुन्या कपाचा कान हीच सर्वांत दुबळी जागा असते. ताटल्या एकावर एक रचाव्या लागल्या तर मध्ये जाड कागद घालावा. तळाची न झिलई केलेली कड खालच्या ताटलीवर ओरखडे पाडते. जुन्या झिलईत व रंगांत शिसे असू शकते, म्हणून शोभेसाठी आणलेल्या भांड्यांत लिंबू, ताक, लोणचे यांसारखे आंबट पदार्थ ठेवू नयेत.

परदेशात राहणाऱ्या मुलाबाळांना आजीची बरणी पाठवायची असेल, तर आधी तिचे वय तपासावे: १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नसल्यास, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसे प्रमाणपत्र आधीच घेतले, तर विमानतळावरील अडचण टळते.