ॲडव्हेंचर बाईक आधी अंगाला बसवा, मग सामान चढवा

नवीन ॲडव्हेंचर बाईक घरी आली की पहिल्या आठवड्यात आपण सगळे लाइट, बॉक्स आणि क्रॅश गार्ड बघत बसतो. मीपण तेच केलं. पहिल्या लांब ट्रिपच्या दुसऱ्याच दिवशी मनगटं दुखायला लागली, मान आखडली, गुडघे सरळ होईनात, आणि बाईकवर तर सगळं होतं, फक्त ती माझ्या मापाची नव्हती. तेव्हापासून कुणी विचारलं की मी एकच क्रम सांगतो, आधी सस्पेन्शन, मग सीट, मग हँडल, आणि बाकी सगळी खरेदी त्याच्यानंतर.

सस्पेन्शन पहिलं का, तर बाईक तुमच्या वजनाखाली किती दबते त्याच्यावर सीटची खरी उंची, स्टीअरिंगचं वागणं आणि हेडलाइटचा झोत, सगळंच ठरतं. कंपनीतून स्प्रिंग साधारण ७५ किलोच्या आसपासचा माणूस धरून सेट होऊन येते. तुम्ही ९० किलोचे असाल आणि वर २५ किलो सामान असेल तर मागचं टोक खाली बसणार, पुढचं चाक हलकं होणार आणि वळणावर बाईक बाहेर पळतेय असं वाटत राहणार.

हे मोजायला टेप आणि दोन मित्र पुरतात. मागचं चाक हवेत उचला, ॲक्सलपासून, म्हणजे चाकाच्या आसापासून, सरळ वर टेलवर चिकटपट्टीची खूण करा आणि अंतर लिहून ठेवा. मग हेल्मेट, जॅकेट, बूट सगळं घालून बसा, पाय फूटपेगवर, एकाने पुढून हँडल धरायचं आणि दुसऱ्याने तेच अंतर परत मोजायचं. दोन्हीतला फरक म्हणजे तुमचा सॅग. तो एकूण ट्रॅव्हलच्या (चाक वर-खाली जितकं हलू शकतं त्या अंतराच्या) ३० ते ३३ टक्के असावा, म्हणजे २०० मिलिमीटर ट्रॅव्हल असेल तर ६० ते ६६. माझा पहिल्यांदा ८४ भरला होता! प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवलीय ते, वाढवत ६४ वर आणला आणि त्याच दिवशी बाईक वेगळी वाटायला लागली, वळणात पुढचं चाक काय करतंय ते हातात कळायला लागलं.

प्रीलोडने स्प्रिंग कडक होते असं बरेच जण धरून चालतात, तसं नसतं, बाईक फक्त वर उचलली जाते. म्हणून अजून एक माप घ्या, कुणी न बसता बाईक नुसती चाकांवर सरळ उभी असताना. तुम्ही बसल्यावरचा सॅग बरोबर आलाय पण रिकामी बाईक जवळजवळ दबतच नाही, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे आणि बदलावीच लागेल, नॉब फिरवून ते काम होणार नाही. मग हीच मापं पूर्ण सामान बांधून परत घ्या, कारण एकट्याचं आणि लोडचं सेटिंग वेगळं असतं.

आता उंचीचं. माझी उंची ५ फूट ५ इंच आहे आणि ८५० मिलिमीटरच्या सीटवरून दोन्ही टाचा टेकत नाहीत, टेकायची गरजही नसते. एका पायाचा चवडा नीट टेकला आणि कंबर थोडी त्या बाजूला सरकवली की बाईक आरामात धरता येते, पण हे रिकाम्या मैदानात शंभरदा करून अंगवळणी पाडायला लागतं. पाय पुरावा म्हणून प्रीलोड कमी करून बाईक खाली बसवू नका, दिसायला सोपा उपाय आहे पण त्याची किंमत वळणात मोजायला लागते. त्याऐवजी सीट पुढच्या बाजूला अरुंद करून घ्या. मांड्या बाहेर फाकल्या की पाय आखूड पडतो, आणि सीट पुढे २-३ सेंटीमीटर निमुळती केली की उंची तेवढीच राहूनही पाय जमिनीला लागतो. नुसता फोम कापून सीट खाली केली तर फूटपेग आणि सीटमधलं अंतर कमी होतं आणि चार तासांनी गुडघे बोलायला लागतात, त्यात फोम पातळ झाला की खालचं प्लास्टिक टोचायला लागतं ते वेगळंच.

लोअरिंग लिंक, म्हणजे बाईकचा मागचा भाग खाली आणायला मागच्या सस्पेन्शनमध्ये बदलून टाकतात तो जोड, मी शेवटचा उपाय मानतो. ती टाकली की ग्राउंड क्लिअरन्स जातो, सस्पेन्शनचं लिव्हरेज बदलतं, आणि फक्त मागचा भाग खाली गेला तर स्टीअरिंग जड, संथ होतं, म्हणून पुढचे फोर्कही (पुढच्या चाकाचे शॉकअपचे दांडे) क्लॅम्पमधून त्याच प्रमाणात वर सरकवावे लागतात. फोर्क पूर्ण दबल्यावर टायर मडगार्डला किंवा रेडिएटरला लागत नाही ना हेही तपासावं लागतं. आणि साइड स्टँड! माझ्या आधीच्या बाईकला लिंक बसवून घेतली तेव्हा बसवणाऱ्याने स्टँड कापला नाही आणि माझ्याही लक्षात आलं नाही. बाईक स्टँडवर जवळजवळ सरळ उभी राहायला लागली आणि जरा उतार मिळाल्यावर पलीकडच्या बाजूला आडवी झाली, क्लच नाही पण ब्रेकचा लिव्हर आणि आरसा गेला.

हँडलकडे येऊ. फूटपेगवर उभे राहा, गुडघे किंचित वाकलेले, आणि हँडल धरा. पाठ खूप वाकत असेल तर रायझर, म्हणजे हँडल उंच करणारा ठोकळा, हवाय, साधारण २० ते ३० मिलिमीटर बहुतेकांना पुरतो. बसल्यावर मनगटावर भार येत असेल तर नुसती उंची नाही, हँडल मागे आणणारा रायझर बघा. बसवल्यावर इंजिन चालू ठेवून, न्यूट्रलमध्ये, हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. आरपीएम वाढला तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय, आणि ब्रेकचा पाइप, क्लच केबल, वायरिंगचा गुच्छ कुठे ताठ होत नाही ना तेही त्याच वेळी बघा. ही चाचणी सोडून निघू नका, यू टर्नमध्ये बाईक आपोआप रेस झाली तर सावरायला वेळच मिळत नाही.

क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचा कोन फुकटात होतो आणि तरी कुणी करत नाही. हात हँडलवर ठेवून बोटं सरळ केली की ती कोपरापासून एका रेषेत लिव्हरवर पडली पाहिजेत. तुम्ही जास्त वेळ उभे राहून चालवणार असाल तर लिव्हर अजून थोडे खाली फिरवा. क्लॅम्पचे बोल्ट इतकेच आवळा की लिव्हर हलू नये पण बाईक पडली तर तो फिरून जावा, तुटू नये. ब्रेक पेडल आणि गिअर लिव्हरची उंची ट्रिपला जे बूट घालणार तेच घालून लावा, जाड सोलचा बूट गिअर लिव्हरखाली अडकतो.

विंडस्क्रीन उंच तेवढी चांगली असं नसतं. डोक्याला हादरे आणि घूंघूं आवाज येतो तो स्क्रीनच्या कडेवरून फुटलेल्या हवेचा. मोकळ्या सरळ रस्त्यावर फूटपेगवर हळूहळू उभे राहा, हेल्मेट स्वच्छ हवेत गेलं की आवाज एकदम साफ होतो. जरासंच उठून हे झालं तर आखूड स्क्रीन लावून बघा, खूप उठावं लागलं तर उंच. इअरप्लग मात्र घालाच, ताशी १०० किलोमीटरला हेल्मेटच्या आतला आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो, आणि संध्याकाळचा निम्मा थकवा त्या आवाजाचा असतो असा माझा अनुभव आहे.

एवढं झालं की प्रोटेक्शन. हँडगार्ड आतून ॲल्युमिनियमच्या पट्टीचे, दोन्ही टोकांना बांधलेले घ्या, नुसतं प्लास्टिक वाऱ्यापुरतं असतं. बॅश प्लेट (इंजिनखालचा संरक्षक पत्रा) घेताना ती न काढता ऑइल ड्रेन होतं का बघा.

टायरचं ठरवताना प्रामाणिक राहा. ट्रिपमधला ८० टक्के रस्ता डांबरी असेल तर गाठीवाले टायर फक्त आवाज करतील आणि लवकर झिजतील. स्पोकची चाकं असतील तर आत ट्यूब आहे की ट्यूबलेस हे आधी बघून घ्या, कारण पंक्चरचं सामान त्याच्यावर ठरतं. ट्यूब असेल तर टायर लिव्हर, पंप आणि पुढच्या मापाची एक ट्यूब ठेवा, २१ इंचाची ट्यूब अडचणीत मागच्या १८ च्या टायरमध्येही घालून हळूहळू गाव गाठता येतं. टायर काढायची प्रॅक्टिस घरी सावलीत करा आणि बाईकवर जी हत्यारं नेणार तीच वापरून करा, म्हणजे कुठला पाना कमी आहे ते घरीच कळतं. खडीवर हवा साधारण २५ पीएसआयपर्यंत उतरवली की पकड खूप सुधारते, पण डांबरावर परत आलात की लगेच भरा.

आता सामान, आणि इथे मी खरंच हट्टी आहे. मॅन्युअलमध्ये जास्तीत जास्त एकूण वजन दिलेलं असतं, त्यातून पेट्रोल भरलेल्या बाईकचं वजन वजा करा, उरलं ते तुम्ही, मागचा माणूस, गार्ड, बॉक्स, फ्रेम सगळं धरून. दोघे बसलात की हा आकडा वाटतो त्याच्या फार आधी संपतो. जड वस्तू खाली आणि पुढे, हत्यारं तर बॅश प्लेटच्या बाजूला किंवा क्रॅश गार्डच्या बॅगेत. मागच्या ॲक्सलच्याही मागे टांगलेला भरलेला टॉप बॉक्स पुढचं चाक हलकं करतो आणि वेगात बाईक डुलायला लागते, वर बहुतेक रॅकची मर्यादा ५ ते १० किलोचीच असते. वाळू-चिखलात जाणार असाल तर कापडी सॅडल बॅग घ्या, धातूच्या बॉक्सखाली पाय अडकला तर हाड मोडतं. कापडी बॅग सायलेन्सरपासून लांब राहील अशी पट्टी लावा, आणि पट्ट्यांची लोंबती टोकं कापा किंवा गुंडाळा, मागच्या चाकात गेलेला एक पट्टा पुरेसा असतो.

सामान चढलं की चेन परत बघा. सस्पेन्शन दबलं की चेन ताणली जाते, आणि आधीच घट्ट ठेवलेली चेन लोडखाली गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते. थोडी सैल चालेल, घट्ट नको, आकडा मॅन्युअलचाच धरा. साधारण ५०० किलोमीटरला रॉकेलने पुसून ल्यूब मारा, संध्याकाळी चेन गरम असताना. हेडलाइटही परत खाली करा, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यात जातो.

वायरिंगचं गणित सोपं आहे, वॅट भागिले १२ म्हणजे अँपिअर. ४० वॅटची लाइटची जोडी म्हणजे साडेतीन अँपिअरच्या आत, त्याला ५ चा फ्यूज, तोही बॅटरीच्या अगदी जवळ, आणि रिले (लाइटचा करंट चालू-बंद करणारा स्विच) इग्निशनवर, म्हणजे चावी काढली की सगळं बंद. फोन हँडलवर लावणार असाल तर व्हायब्रेशन डॅम्पर घ्या. मोठ्या इंजिनांच्या कंपनाने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो असं ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच जाहीर केलं होतं.

निघायच्या दोन आठवडे आधी पूर्ण लोड करून एक दिवस ३००-४०० किलोमीटर चालवा, थोडा खराब रस्ताही त्यात असू द्या. घरी आल्यावर नवीन बसवलेला प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने बघा, गार्ड आणि रॅकचे बोल्ट हमखास ढिले निघतात, तिथे मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (बोल्ट सुटू न देणारा डिंक) लावा आणि बोल्टवर पेंटची रेघ मारा म्हणजे सुटायला लागला की नुसत्या नजरेने कळतं. स्पोकवर पान्याने हलकेच टिचकी मारा, बद्द आवाज आला तो स्पोक ढिला. एकाच वेळी चार गोष्टी बदलू नका, नाहीतर मान कशाने दुखली ते कळणार नाही. आणि एकट्याचा प्रीलोड, लोडचा प्रीलोड, हवेचे दोन्ही आकडे, चेनची ढील हे सगळं एका कागदावर लिहून वर सेलोटेप लावून सीटखाली चिकटवून ठेवा, ट्रिपमध्ये सामान उतरवलं की तेवढा कागद बघून पाच मिनिटांत सेटिंग परत येतं.