केशर आंब्याला कागदी पिशवी: केव्हा, कशी आणि कोणत्या फळाला

खान्देशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि नेमके त्याच दिवसांत केशरचे फळ भरत असते. त्यामुळे उन्हाचे चट्टे, वावटळीत फांदीला घासून पडणारे डाग आणि फळ पाडाला आल्यावर डंख मारणारी फळमाशी या तिन्हींपासून बचाव करणारी कागदी पिशवी लहान शेतकऱ्याला परवडणारी आहे. मात्र झाडावरच्या प्रत्येक कैरीला ती घालू नये. लोणच्याला आणि आमचुराला जाणारा माल सालीवरच्या डागाने अडत नाही. पिशवीचा व मजुरीचा खर्च निघतो तो प्रतवारी करून विकायच्या फळावरच.

फळ अंड्याएवढे झाले, की पिशवी घालावी, कारण तोवर बरीचशी नैसर्गिक गळ होऊन गेलेली असते. साधारण २५ बाय २० सेंटिमीटरची वर्तमानपत्राची पिशवी चालते, पण वळवाच्या सरीत ती फाटते, म्हणून तपकिरी कागदाची अधिक बरी. प्लास्टिकचा विचारही करू नये. इथल्या उन्हात त्यात फळ उकडून निघते. फवारणी झाली असल्यास फळ पूर्ण वाळू द्यावे, घोसातले एक निरोगी फळ निवडावे, पिशवीचे तोंड देठाभोवती चुण्या घालून गोळा करावे आणि दोऱ्याने असे बांधावे, की देठ आवळला जाणार नाही, पण माशी शिरण्याइतकी फटही राहणार नाही.

उघड्या फळांसाठी मिथाइल युजेनॉलचे, म्हणजे फळमाशीच्या नराला ओढून घेणाऱ्या गंधाचे, सापळे एकरी चार लावावेत. त्यांत फक्त नर सापडतात, त्यामुळे शेजारच्या वावरांतही ते लागले तरच खरा उपयोग होतो. गळालेली, किडकी फळे रोज वेचून दोन फूट खोल पुरावीत, कारण अळ्या त्यांतून बाहेर पडून मातीतच कोषात जातात.

काढणीपूर्वी पिशवी उतरवू नये. सावलीत वाढलेली साल एकदम उन्हात आली, की भाजते. चार-दोन पिशव्या उघडून देठाजवळचे खांदे वर आले आहेत का, हे पाहावे आणि एखादे फळ पाण्यात टाकावे. बुडाले तर ते तयार आहे. सकाळच्या गारव्यात झेल्याने (टोकाला जाळी बांधलेल्या काठीने), थोडा देठ राखून तोडावे, म्हणजे चीक सालीवर ओघळत नाही. पिकवण्यासाठी कार्बाइड वापरण्यास कायद्याने बंदी आहे.

पिशवीतला माल वेगळ्या क्रेटमध्येच भरावा. डागी फळांत मिसळला, तर व्यापारी सगळ्यालाच हलक्या प्रतीचा भाव लावतो.