पदर, सोंड, नाळ: सह्याद्रीत माउंटन बाइकची वाट कशी निवडावी

परदेशातल्या बऱ्याच ट्रेल पार्कमध्ये वाटेच्या तोंडाशीच पाटी असते: सोप्या वाटेला हिरवा गोल, मध्यमला निळा चौकोन, अवघडला काळा शंकरपाळा. सह्याद्रीत अशी पाटी सहसा मिळत नाही. इथली वाट गुरांनी, धनगरांनी, सरपणाला जाणाऱ्या बायकांनी पाडलेली असते आणि ती किती अवघड आहे हे आपणच ठरवायचे असते. बहुतेक जण एकूण लांबी आणि एकूण चढ पाहून ठरवतात. इथेच घोटाळा होतो, कारण आपल्या डोंगरात सरासरी उतार फसवतो.

त्याचे कारण खडकात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले. कठीण बेसॉल्टच्या थराचा उभा कडा उरतो आणि त्याखालचा मऊ थर झिजून मंद उताराचा पट्टा तयार होतो. या पट्ट्याला आपण पदर म्हणतो. त्यामुळे डोंगर एकसारखा उतरत नाही, टप्प्याटप्प्याने उतरतो. एक किलोमीटरमध्ये १०० मीटर उतरणारी वाट कागदावर १० टक्क्यांची दिसते. प्रत्यक्षात तिचे ९०० मीटर ४ टक्क्यांचे आणि उरलेले १०० मीटर ६४ टक्क्यांचे असू शकतात. त्या १०० मीटरवर सायकल चालत नाही, माणूससुद्धा बसून उतरतो. म्हणून वाटेची प्रत तिच्या सगळ्यात वाईट तुकड्यावरून ठरवा.

हे घरबसल्या बरेचसे कळते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) २० मीटरचा फरक असतो. वाट १ किलोमीटरमध्ये पाच रेषा ओलांडत असेल, तर उतार १० टक्के. पण नुसत्या रेषा मोजू नका, त्या कुठे एकमेकींना चिकटल्या आहेत ते बघा. वाट रेषांना समांतर जात असेल, तर ती पदरावरून जाते आहे. रेषांना काटकोनात कापत उतरत असेल, तर सोंडेवरून, म्हणजे डोंगराच्या खाली उतरत गेलेल्या धारेवरून. रेषा वरच्या बाजूला टोकदार वळल्या असतील आणि वाट त्या टोकांतून जात असेल, तर ती नाळ किंवा घळ, म्हणजे पाण्याने कोरलेली अरुंद खाच आहे, आणि तिथे सायकल न्यायची नाही. नाळेत पावसाने आणलेले सुटे धोंडे भरलेले असतात, बाहेर पडायला बाजू नसते आणि मोबाइलला रेंजही नसते.

आता वाटांच्या अवघडपणाच्या पायऱ्या. खालचे आकडे आंतरराष्ट्रीय माउंटन बाइक संघटनेच्या वर्गवारीतले आहेत आणि आपल्याकडेही ते चांगले लागू पडतात.

पहिली पायरी: वाट किमान ९० सेंटिमीटर रुंद, सरासरी उतार ५ टक्क्यांच्या आत, टाळता न येणारा अडथळा ५ सेंटिमीटरपेक्षा उंच नाही. आपल्याकडे यात बसतात शिवारातल्या बैलगाडीच्या वाटा, पवना आणि मुळशी धरणांच्या काठचे कच्चे रस्ते, आणि कालव्याच्या कडेच्या वाटा. कालव्याला पाणी वाहण्यापुरताच उतार दिलेला असतो, म्हणून कडेची वाट जवळजवळ सपाट राहते. मात्र पाण्याच्या बाजूला कठडा नसतो, तेव्हा लहान मुले बरोबर असतील तर कालवा नको. बैलगाडीच्या वाटेवर चाकोरीत शिरायचे की मधल्या उंचवट्यावरून जायचे हे आधीच ठरवा. एकदा चाकोरीत गेलात की खोली कमी होईपर्यंत आतच राहा. तिरके बाहेर पडायला गेले की पुढचे चाक कडेला घासते आणि नवखा माणूस तिथेच पडतो.

दुसरी पायरी: रुंदी ६० सेंटिमीटर, सरासरी उतार १० टक्क्यांपर्यंत, अडथळे २० सेंटिमीटरपर्यंत. पदरावरच्या गुरवाटा आणि वनखात्याच्या जाळरेषा यात येतात. जाळरेषेबाबत सावध राहा: ती वणवा अडवायला आखलेली असते, चालायला नाही, त्यामुळे कधीकधी धारेवरून सरळ खाली जाते. पुण्यातली वेताळ टेकडी ही या पायरीची चांगली शाळा आहे. वर रुंद मुरमाड वाटा आहेत, कडेला उतरत्या पायवाटा आहेत, आणि चुकलात तरी वस्ती जवळ आहे. पण सकाळी तिथे फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते आणि टेकडी आधी त्यांची आहे. कामाच्या दिवशी, गर्दी नसेल तेव्हा जा. फाटकावरचा वनखात्याचा फलक वाचा, सायकलला मनाई लिहिली असेल तर परत फिरा.

तिसरी पायरी: रुंदी ३० सेंटिमीटर, सरासरी १५ टक्के, अडथळे ३८ सेंटिमीटरपर्यंत. हे सोंडेवरचे उतार. प्रत्येक सोंडेला एक-दोन कातळटप्पे असतातच, आणि त्यांच्याखाली घसारा, म्हणजे पाय घसरवणारी सुटी माती आणि खडी. अशी वाट आधी चालून बघितल्याशिवाय सायकलने उतरू नका. ट्रेकची प्रसिद्ध वाट म्हणजे सायकलची वाट, हा समजही सोडा. कात्रज ते सिंहगड या धारेवर टेकड्यांमागून टेकड्या आहेत आणि त्यांचे उतार इतके घसाऱ्याचे आहेत की बराच वेळ सायकल खांद्यावर राहील.

वरच्या पायरीवर कधी जायचे? आमची कसोटी अशी. मुरमाच्या १० टक्के उतारावर एक रेघ ओढा. दोन्ही ब्रेकवर एकेकच बोट ठेवून, चाक न घसरता, रेघेच्या आत थांबता आले पाहिजे. मग ३० सेंटिमीटर अंतरावर दोन दोऱ्या टाकून चालण्याच्या वेगाने २० मीटर सरळ जा. या दोन गोष्टी दहापैकी नऊ वेळा जमल्या की दुसरी पायरी. तिसरीसाठी २० सेंटिमीटर उंच टप्प्यावरून पाय न टेकता खाली आणि वर, दोन्हीकडे जाता यायला हवे.

हंगाम बदलला की त्याच वाटेची प्रत बदलते. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम: माती घट्ट, गवत बसलेले, हवा थंड. ऑक्टोबरमध्ये गवत कमरेएवढे असते, धोंडे आणि खड्डे दिसत नाहीत, म्हणून ओळखीची वाटही एक पायरी वरची समजा. मार्चनंतर मुरूम सुटा होतो आणि वळणावर चाक धरत नाही. पावसाळ्यात मातीच्या वाटा सोडूनच द्या. काळी माती चाक आणि फ्रेम यांच्यात भरून चाक जाम होते, कातळावर शेवाळ असते, आणि ओल्या उतारावर टायरने पाडलेल्या रेघेतून पाणी वाहू लागून पुढच्या वर्षी तिथे ओहोळ तयार होतो. हे नुकसान आपण करतो आणि भोगतात रोज त्या वाटेने जाणारे. जोराच्या पावसानंतर दोन-तीन कोरडे दिवस जाऊ द्या. माती बुटाला चिकटत असेल तर अजून वेळ आहे. कास, पाचगणीसारख्या जांभ्याच्या पठारांवर वाट सोडून कधीच जाऊ नका. तिथली माती बोटभर जाडीची असते आणि तिच्यातच फुलांचे कंद असतात.

सायकलीत सगळ्यात जास्त फरक टायरमधल्या हवेने पडतो. रस्त्यावरच्या सवयीने ५० पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) भरले की सायकल प्रत्येक दगडावर उडते. ७० किलोच्या माणसाने २९ इंची, सव्वादोन इंच रुंद टायरला ट्यूब असताना मागे ३० आणि पुढे २७ पासून सुरुवात करावी. ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेला टायर असेल तर मागे २५, पुढे २२. मग एकेक पीएसआयने बदल करत बघा. पंक्चर झाल्यावर ट्यूब वाचा: दोन समांतर चिरा म्हणजे दगडाच्या धारेवर ट्यूब रिमला चेपली, हवा कमी होती. एकच बारीक भोक म्हणजे बाभळीचा काटा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून हलक्या हाताने बोट फिरवा, काटा तिथेच असेल तर दुसरी ट्यूबही पाच मिनिटांत जाते. बाभळीच्या भागात ट्यूबलेस खरोखर उपयोगी आहे. वरच्या मापाच्या टायरला १०० मिलिलिटरच्या आसपास सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) लागते, आणि आपल्या उन्हात ते लवकर सुकते, म्हणून दर तीन महिन्यांनी तपासा.

पुढच्या दातेरी चकतीचे खालचे टोक जमिनीपासून किती उंच आहे ते घरी टेपने मोजा. साधारण २४ सेंटिमीटर निघेल. दोन चाकांच्या मधून याहून उंच सुटा धोंडा जाणार असेल, तर चकती त्यावर आदळते आणि तुम्ही पुढे फेकले जाता. उतारासाठी सीट ५ ते ८ सेंटिमीटर खाली घ्या.

उतरताना पेडल जमिनीला समांतर, ढुंगण सीटवरून उचललेले, कोपर बाहेर, नजर चार-पाच मीटर पुढे. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ वाटेवर लावा. घसाऱ्याच्या वळणात पुढचा ब्रेक दाबला की पुढचे चाक बाजूला निसटते. सावरायला वेळच मिळत नाही. कातळटप्प्याच्या ओठावर पुढचा ब्रेक सोडा, चाक खाली जाताना हात लांबवा, अंग मागे न्या. सगळ्यात जास्त लोक इथे पडतात, आणि कारण बहुतेक वेळा एकच: भीतीने ओठावरच ब्रेक आवळला जातो. भीती वाटत असेल तर आधीच उतरून सायकल हाताने खाली न्या.

चढावर उलटे. सीट पूर्ण वर, तिच्या टोकावर बसा, छाती हँडलकडे. मागचे चाक जागच्या जागी फिरू लागले तर तुम्ही फार पुढे झुकला आहात. पुढचे चाक उचलू लागले तर फार मागे बसला आहात. गियर चढ सुरू होण्याआधी बदला. जोर लावताना बदलला की चेन तुटते.

सुक्या गवतातून जाताना कुसळे आणि काड्या मागच्या डिरेलरमध्ये (गियर बदलताना चेन सरकवणारा भाग) गुंडाळल्या जातात. पेडल जड वाटले की लगेच थांबा आणि हाताने उलगडा. तसेच रेटलेत तर डिरेलरचा हँगर, म्हणजे त्याला फ्रेमशी जोडणारा तुकडा, वाकतो आणि डिरेलर चाकाच्या आऱ्यांत शिरतो. तुमच्या सायकलच्या मापाचा जादा हँगर, दोन ट्यूब, पंप, चेन तोडायचे अवजार आणि तुटलेली चेन सांधायची जोडकडी जवळ असू द्या. पाणी तासाला पाऊण लिटर धरा, पदरावरच्या झऱ्यांवर विसंबू नका, फेब्रुवारीत बरेच आटतात.

धनगरवाड्याजवळ कुत्री अंगावर आली तर वेग वाढवू नका. खाली उतरा, सायकल मधे धरा आणि चालत पुढे जा. गुरे समोरून आली तर वाटेच्या खालच्या बाजूला नाही, वरच्या बाजूला थांबा. कड्याखालून जाताना वर आग्या मोहोळ दिसले तर आवाज न करता मागे फिरा. एकटे जाऊ नका, आणि पायथ्याच्या गावात कुठल्या सोंडेने उतरणार ते सांगून जा. अपघात झाला तर १०८ ला फोन करताना नुसते नकाशावरचे ठिकाण पुरत नाही: गावाचे नाव, वाडीचे नाव आणि गाडी कुठपर्यंत येऊ शकते ते सांगा.